एक दहा ते दोन

२ सप्टेंबर, सोमवार

मुख्याध्यापिकाबाईंनी आज मधल्या सुट्टीत बोलावून घेतलं आणि नववीचं पर्यावरण माझ्या गळ्यात घातलं. वर म्हणाल्या, "पुस्तकातून शिकवायचं नाही. मुलांनी स्वतः मोजलेल्या खऱ्या आकड्यांवरून शिकवायचं."

मी म्हटलं, "सत्तावीस वर्षं पुस्तकातून शिकवतेय. मुलं पास होतात."

"पास होतात, हे खरंच," त्या म्हणाल्या.

त्यात टोमणा होता हे मला जिना उतरल्यावर कळलं. परत वर जाऊन उत्तर द्यायचं तर तास सुरू झाला होता.

पुस्तकात हवेच्या धड्यावर एक चित्र आहे. एक धुराडं, त्यातून काळा धूर, बाजूला एक वाकडं झाड. ते मी डोळे मिटून फळ्यावर काढू शकते. सत्तावीस वर्षांत एकाही मुलानं विचारलं नाही की हे धुराडं कुणाचं. मीही विचारलं नाही म्हणा.

संध्याकाळी लेकीशी फोनवर बोलले. ती दूर एका संशोधन संस्थेत आकड्यांचंच काम करते. तिला आनंद झाला. "आई, रोजचं लिहून ठेव. नवीन काम आहे, नंतर तू म्हणशील सगळं पहिल्यापासून सोपंच होतं." म्हणून ही वही. रोज लिहीन असं वचन देत नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

तीन डब्या आल्या. साबणाच्या वडीएवढ्या, पांढऱ्या. हवेतली बारीक धूळ मोजतात, दर दहा मिनिटांनी एक आकडा आतल्या कार्डावर लिहून ठेवतात. प्रयोगशाळेतले मामा शिडीवर चढले आणि सगळी नववी खालून त्यांना सूचना देत राहिली. मामा म्हणाले, "एकानं सांगा, नाहीतर मी खाली येतो."

एक डबी गच्चीवर, एक मैदानाच्या टोकाला. तिसरी कुठे, यावर वाद झाला. वर्गात एक वकील आहे. कुठलीही गोष्ट युक्तिवादाशिवाय मान्य करत नाही, परीक्षेची तारीखसुद्धा. तो म्हणाला, फाटकाजवळ, बालवर्गाच्या बाहेरच्या भिंतीवर, खिडकीच्या उंचीला. कारण सगळ्यात लहान मुलं तिथे बसतात आणि ती मोठ्यांपेक्षा भराभर श्वास घेतात. हे मी सांगणार होते. त्याच्या तोंडून ऐकून बरं वाटलं आणि थोडं वाईटही.

नोंदी ठेवायचं काम मुंगीकडे दिलं. अंगानं एवढीशी, आणि तिचं अक्षर त्याहून एवढंसं. तिची वही वाचायला मला चष्म्यावर चष्मा लागेल, पण खाडाखोड शोधून सापडणार नाही. संगणकावर आलेख काढायचं काम तबल्याचं. त्याची बोटं बाकावर सारखी वाजत असतात. कीबोर्ड दिला तर निदान त्यातून काही निघेल.

दोनला सुटले. हे नेहमीप्रमाणे आधीच येऊन बसले होते. लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मला सोडणं-आणणं हीच ह्यांची नोकरी, आणि तिथेही कामावर लवकर हजर. गाडी तीच, अवजारं नेण्याची जुनी डिझेलची. मी बसले की साडीला तेलाचा वास लागतो. बदला म्हटलं की म्हणतात, "अजून चालते की." चालते. खोकत खोकत चालते.

९ सप्टेंबर, सोमवार

पहिला आलेख. मी काय लिहू. सत्तावीस वर्षांत फळ्यावर काढलेल्या कुठल्याही रेघेकडे मुलं अशी बघत नव्हती.

गच्चीची रेघ जवळजवळ सपाट. मैदानाची थोडी वरखाली. फाटकाच्या डबीला मात्र सकाळी पावणेआठला सुळका, तो कळतो. मुलांना सोडायला गाड्या येतात. दुपारी दोनला दुसरा सुळका, तोही कळतो. पण त्या दुसऱ्या सुळक्याच्या आधी, एक दहाला, रेघ चढायला लागते आणि दोनपर्यंत उतरतच नाही. एरवी तिसाच्या आसपास असणारा आकडा एकशे चाळीसपर्यंत जातो. गुरुवारीही, शुक्रवारीही. त्या वेळी शाळा सुटलेली नसते, रस्ता रिकामा असतो.

"हा डोंगर कुणाचा?" तबला म्हणाला.

वर्गात एकदम बावीस उत्तरं आली. मी एकही बरोबर म्हटलं नाही आणि एकही चूक म्हटलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. हे कबूल करताना जीभ जड झाली, पण केलं. मग पहारा ठरवला. आठवडाभर एक ते दोन, दोघादोघांनी फाटकाच्या आत उभं राहायचं आणि बाहेर कुठली गाडी इंजिन चालू ठेवून उभी आहे ते वहीत लिहायचं. गणिताच्या सरांनी त्यांच्या तासातून मुलं सोडायचं मान्य केलं. कपाळाला आठ्या घालून, पण केलं.

आलेख मोठ्या कागदावर काढून भिंतीवर लावला. घरी येताना ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "शोधा. कुठेतरी काहीतरी जळत असणार."

१७ सप्टेंबर, मंगळवार

वाईट वाटतंय. पहाऱ्याची वही बघितली. पाच दिवस, पाच ओळी: "विशेष काही नाही." अक्षर वेगवेगळं, वाक्य एकच.

आणि डोंगर गेला. या आठवड्याच्या आलेखात एक दहा ते दोन रेघ सपाट. मी विचारलं तर वकील उभा राहिला. "बाई, मागच्या आठवड्यात समोरचा रस्ता खोदत होते. ती धूळ असणार." मला खोदलेला रस्ता आठवत नाही, पण मी रस्त्याकडे बघते कधी. कारण शोधून काढलं म्हणून शाबासकी दिली. त्यानं मान खाली घातली. शाबासकी मिळाल्यावर मान खाली घालणारा हा मुलगा नव्हे.

भिंतीवरचा पहिला आलेख पडून फाटला म्हणे. मुलांनी आपणहून नवीन लावला.

पण उत्साह उतरलाय. बावीस उत्तरं देणारा वर्ग आता माझ्याकडे बघतो आणि वहीत बघतो. माझंच काही चुकत असेल. पुस्तक हातात असतं तेव्हा निदान पुढचं पान कुठलं ते माहीत असतं.

एक मात्र आहे, मुलं माझ्याशी फार मायेनं वागू लागलीत. मुंगीनं विचारलं, "बाई, तुमच्या घराकडे बस जाते का?" मी म्हटलं, जाते की, बारा नंबरची. तिनं ते वहीत लिहून घेतलं. आणि हे सांगत होते, दोन मुलं गाडीपाशी येऊन म्हणाली, "काका, उन्हात का बसता, आत ग्रंथालयात या, पंखा आहे." हे खूश. म्हणाले, "चांगलं वळण लावलंयस." इतकी साधी गोष्ट, पण मला बरं वाटलं. पर्यावरण नाही तर नाही, माणुसकी तरी शिकली.

२४ सप्टेंबर, मंगळवार

गणिताचे सर वर्गात खडू शोधायला आले आणि भिंतीवरच्या आलेखापुढे थांबले. हात मागे बांधून बराच वेळ बघत राहिले.

"कुणी काढला?"

"मुलांनी."

"आकडेही मुलांचेच वाटतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एकतीस, एकतीस, बत्तीस, एकतीस, एकतीस. रोज त्याच वेळेला. बाई, खरे आकडे इतके शहाणे नसतात."

मला राग आला. मामांना बोलावून डबी उघडून घेतली. आत कोळ्याचं जाळं होतं. ते साफ केलं, गच्चीची डबी फाटकाला लावली आणि फाटकाची गच्चीवर. मामा शिडीवरून म्हणाले, "डबीत काही दोष नाही बाई, मला विचाराल तर." मी विचारलं नव्हतं.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, मुलांनी टाइप केलेला तक्ता बघू नकोस. कार्डावरचे मूळ आकडे बघ."

"मुलांवर विश्वास नाही असं होईल."

"विश्वास वेगळा आणि तपासणं वेगळं. हेच तर शिकवायचंय ना तुला?"

पोरगी कुणावर गेलीय कोण जाणे.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

डोंगर कार्डावर आहे. पहिल्या दिवसापासून कालपर्यंत, सुट्टीचे दिवस सोडून जवळजवळ रोज. एकशे अठरा, एकशे छत्तीस, एकशे बेचाळीस. मुलांच्या तक्त्यात त्याच जागी एकतीस, बत्तीस.

मुलांनी आकडे बदललेत. मुंगीनं. जिच्या वहीत खाडाखोड सापडत नाही तिनं.

पहाऱ्याला उभं राहायचा कंटाळा आला असेल. दुसरं काय कारण असणार?

१ ऑक्टोबर, मंगळवार

आज मी वर्गात फार बोलले. दोन्ही तक्ते फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले आणि विचारलं. तबल्याची बोटंसुद्धा थांबली होती. मी म्हटलं, आकडा बदलणं म्हणजे खोटं बोलणं, आणि तेही बालवर्गातल्या त्या चिमुरड्यांच्या छातीशी. तुम्ही मला फसवलंत. हे काम आजपासून बंद.

मुंगी रडायला लागली, आवाज न करता. वकील उठला.

"बाई, सगळे आकडे नाही बदलले. रोजचे फक्त पाच."

"का?"

"ते नाही सांगणार."

"कुणासाठी?"

"तेही नाही सांगणार. मला शिक्षा करा."

प्रत्येक गोष्टीवर तासभर वाद घालणारा हा मुलगा. आज त्यानं एकही युक्तिवाद केला नाही. शिक्षा काय करणार? पुस्तक उघडलं आणि धुराड्याचं चित्र काढलं. सगळ्यांनी मुकाट्यानं उतरवून घेतलं.

घरी येताना हे म्हणाले, "आज गप्प का?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. ह्यांनी गाडी लगेच बाजूला घेतली, पाणी दिलं, माझ्या चेहऱ्याकडे बघत बसले. नुसतं डोकं दुखतंय म्हटलं तरी ह्यांची ही तऱ्हा.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

मोकळा तास होता. म्हटलं, मुलं सांगत नाहीत तर आपण बघू. एक वाजता बालवर्गात जाऊन बसले. छोट्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लागतात. मुलं रंगीत मणी ओवत होती. एक दहाला बालवर्गाच्या ताई उठल्या आणि फाटकाकडची खिडकी लावून घेतली.

"उकडत नाही का?" मी विचारलं.

"उकडतं की. पण या वेळेला बंदच ठेवते. वास येतो, मग दोघंतिघं खोकायला लागतात." त्या जरा घुटमळल्या. "तुम्हाला बोलणार होते एकदा. राहून गेलं."

मी काचेतून बघितलं.

भिंतीला लागून, झाडाच्या सावलीत, आमची गाडी. मागच्या नळीतून धूर. आत हे, दोन्ही हात चाकावर, नजर फाटकावर. पेपर नाही, रेडिओ नाही. नुसते बसलेले.

पन्नास मिनिटं मी तिथेच बसून होते. ह्यांनी एकदाही दुसरीकडे बघितलं नाही.



६ ऑक्टोबर, रविवार

इथे खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते. दोन दिवस मी मनातल्या मनात तो आलेख पुसत बसले आहे. ह्यांना हळूच सांगावं, गाडी पलीकडे लावा. मग डोंगर आपोआप जाईल. मुलांना म्हणावं, झालं ते झालं. कुणाला काही कळायला नको.

मुलांना चौदाव्या वर्षी जे सुचलं तेच मला चोपन्नाव्या वर्षी सुचतंय. त्यांनी माझ्यासाठी केलं. मी कुणासाठी करतेय? माझी लाज वाचावी म्हणून? का ह्यांना वाईट वाटू नये म्हणून? ह्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या लिफ्ट नीट चालाव्या म्हणून रात्रीअपरात्री धावाधाव केली. त्या माणसाला कसं सांगायचं की तुमच्यामुळे पोरं खोकतात?

आणि त्या मुलांना मी भर वर्गात खोटारडं म्हटलं.

७ ऑक्टोबर, सोमवार

जेवणं झाल्यावर टेबल पुसलं आणि खरा आलेख ह्यांच्यापुढे ठेवला. काही सांगितलं नाही. ह्यांचं आयुष्य विजेच्या जोडण्यांचे नकाशे वाचण्यात गेलंय. रेघ कुठून येते आणि कुठे जाते ते ह्यांना सांगावं लागत नाही.

चष्मा लावला. बोट रेघेवरून फिरवलं.

"हे फाटकापाशीचं?"

"हो."

"एक दहाला सुरू होतं."

"हो."

"रविवारी नाही. शनिवारी नाही." बोट पुढे सरकलं आणि थांबलं. "बावीस तारखेच्या आठवड्यात बुधवारी एक दहाला चढ नाही. त्या दिवशी मला ताप होता. तू बसनं आलीस."

बराच वेळ हे त्या बुधवारकडेच बघत होते.

"त्या भिंतीमागे कुठला वर्ग आहे?"

"बालवर्ग."

"किती मुलं?"

"एकोणीस."

ह्यांनी चष्मा काढून मिटला. "स्टार्टर गेलाय गाडीचा. बंद केली की पुन्हा सुरू होईलच असं नाही. म्हणून चालू ठेवतो."

"मग दुरुस्त का नाही केला? तुम्ही?"

"दोन दिवस गाडी उघडून ठेवावी लागली असती."

"मग?"

"मग तू कशी आली असतीस?"

"बसनं. बारा नंबरच्या."

ह्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. मी विचारलं, "आणि मी दोनला सुटते हे माहीत असून एक दहाला कशाला येता?"

"सवय," म्हणाले.

लिफ्टमध्ये माणूस अडकला की हे फोनवर आधी एवढंच सांगायचे, मी निघालोय. म्हणायचे, वाट बघणाऱ्याचं घड्याळ वेगळं चालतं. ती सवय अजून गेलेली नाही, असं मी समजते. मागच्या वर्षी मला शाळेच्या दारात चक्कर आली आणि मी रस्त्याकडेला पडले, तेव्हा हे यायला वीस मिनिटं उशीर झाला होता. उन्हामुळे झालं होतं, डॉक्टरही तेच म्हणाले. त्यात काही नाही, हे मी ह्यांना तेव्हाच सांगितलं आणि विषय तिथेच संपला. आज मध्येच तो का आठवला कोण जाणे.

हे उठून बाहेर गेले. खिडकीतून बघितलं तर गाडीचं बॉनेट उघडून उभे होते.

८ ऑक्टोबर, मंगळवार

बसनं गेले. वर्गात उभी राहिले आणि माफी मागितली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा, त्यामुळे नीट जमली नाही. म्हटलं, "मला फसवलंत असं म्हणाले होते. ते शब्द परत घेते. पण आकडे बदलणं चूकच होतं, आणि ते तुम्हालाही ठाऊक आहे."

मुंगी म्हणाली, "बाई, काका आमच्याकडे बघून रोज हात करतात."

"म्हणून?"

"म्हणून नाही लिहिता आलं."

मी फळ्याकडे वळले. जरा वेळ तिकडेच काहीतरी पुसत राहिले, पुसायला काही नव्हतं तरी.

वकिलाची अट होती: काकांना त्रास होणार असेल तर आकडे बाहेर जाऊ द्यायचे नाहीत. मी सांगितलं, काकांनी स्वतः वाचलाय आलेख. तेव्हा त्यानं विचारलं, "मग काय म्हणाले?" मी म्हटलं, "मुलं किती, ते विचारलं."

थोड्या वेळानं वकील पुन्हा उठला. मला आता हायसं वाटतं तो उठला की. म्हणाला, "बाई, सगळा डोंगर काकांचाच आहे हे कशावरून? काकांची गाडी उभी असते, धूळ वाढते. दोन्ही एका वेळी होतं, एवढंच सिद्ध झालंय. बुधवार एकच आहे. एका दिवसावर शिक्षा सुनावता येत नाही."

काय करायचं ते मुलांनीच ठरवलं. स्टार्टर झाला की काकांनी दोन आठवडे यायचं, त्याच जागी, त्याच वेळी. पण इंजिन बंद. बाकी काही बदलायचं नाही.

हा धडा कुठल्या पुस्तकात आहे मला ठाऊक नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

दोन आठवडे झाले. हे रोज एक दहाला येऊन इंजिन बंद करतात, आणि तबला भिंतीवरून डोकावून अंगठा दाखवतो. हेही दाखवतात. दोघांचं काय चाललंय ते त्यांनाच ठाऊक.

आज कार्ड उघडलं. आकडे मुंगीनं मोठ्यानं वाचले आणि वकिलानं दुसऱ्यांदा वाचून ताडून बघितले. एकशे चाळीसचे सत्तर झाले. एक दहा ते दीड जवळजवळ सपाट. पण दीडनंतर रेघ चढतेच. अर्धा डोंगर उरलाय.

यावेळच्या पहाऱ्याच्या वहीत काय काय आहे. दीड वाजता शाळेच्याच दोन गाड्या येतात आणि थंडाव्यासाठी इंजिन चालू ठेवतात. एक निळी मोटार. चार-पाच स्कूटर. ह्यांच्या गाडीनं आतापर्यंत सगळ्यांना झाकून टाकलं होतं.

"म्हणजे काकांचा अर्धाच," तबला म्हणाला, आणि बाकावर एक लांबलचक तुकडा वाजवला. मी थांबवलं नाही.

घरी सांगितलं, अर्धाच तुमचा. हे म्हणाले, "अर्धा म्हणजे पुष्कळ झाला."

२९ ऑक्टोबर, मंगळवार

पालकसभा झाली. नगरपालिकेच्या वाहतूक अधिकारी आल्या होत्या. शाळा सुटायच्या आधी तासभर फाटकापुढचा रस्ता गाड्यांना बंद करावा, असा मुलांचा अर्ज.

मुंगी बोलली. तिचा आवाज तिच्या अक्षराएवढाच. पण सगळं सभागृह पुढे वाकून ऐकत होतं. आलेख दाखवून झाल्यावर, आमचं ठरलेलं नव्हतं असं काहीतरी तिनं सांगितलं. "पहिल्या महिन्यात आम्ही काही आकडे बदलले होते. ते आमच्या ओळखीच्या माणसाचे होते म्हणून. नंतर परत खरे लावले. तक्त्यात दोन्ही ठेवलेत, तुम्ही तपासू शकता."

मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे बघितलं. अधिकारीबाई काहीतरी लिहीत होत्या.

निळ्या मोटारीचे वडील उभे राहिले. आवाज मोठा, माणूस घाईतला. "म्हणजे कुणा एकाच्या गाडीचा हा प्रताप. त्या एकाला पकडा ना. आमच्या सगळ्यांचा रस्ता कशाला बंद करता?"

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. हे उभे राहिले. हे सभेला आलेत हे मला माहीतच नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"तो एक मी," हे म्हणाले. "ह्या बाईंचा नवरा."

सगळे वळले. ह्यांना चार माणसांत बोलायची सवय नाही. हात कुठे ठेवावे कळत नव्हतं. "वर्षभर मी त्या भिंतीला लागून इंजिन चालू ठेवून बसलो. आत एकोणीस मुलं आहेत हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायला पाहिजे होतं. आता दोन आठवडे बंद ठेवतोय. तरी अर्धा डोंगर उरलाय. तो माझा नाही." मग म्हणाले, "मुलांनी मला वाचवायला बघितलं. ते बरोबर नव्हतं. पण मला आयुष्यात असं कुणी वाचवलेलं नाही."

आणि खाली बसले.

निळ्या मोटारीचे वडीलही बसले. अधिकारीबाईंनी मुंगीला विचारलं, "तीन महिने रस्ता बंद ठेवून बघितलं तर तुम्ही मोजत राहाल?" मुंगीनं वर्गाकडे बघितलं. वर्गानं मान डोलावली. "राहू," ती म्हणाली, "पण सुट्टीच्या दिवसांतही आत यायला मिळायला पाहिजे." वकिलानं शिकवलेलं दिसतंय.

जिन्यात मुख्याध्यापिकाबाई भेटल्या. म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आठवीलाही घ्याल?" मी म्हटलं, बघू. लगेच हो म्हणायचं नव्हतं.

४ नोव्हेंबर, सोमवार

आज रस्ता बंद व्हायचा पहिला दिवस. एक वाजता कोपऱ्यावर बॅरिकेड लागलं. ह्यांना सकाळीच सांगितलं होतं, गाडी कोपऱ्यावर लावा आणि चालत या, पाच मिनिटांचं काम.

दोनला बाहेर आले. फाटकापुढे रस्ता मोकळा, पोरं मधोमध चालत निघालेली. झाडाखाली कुणी नव्हतं.

दोन पाच झाले. म्हटलं, चालायला वेळ लागत असेल. दोन दहा झाले. फोन लावला, वाजत राहिला. ह्यांचा फोन गाडीतच असतो, ते मला माहीत आहे, तरी तीनदा लावला. दोन बाराला वाटलं, गाडी बंद पडली असेल. दोन चौदाला जे वाटलं ते लिहीत नाही. साठी उलटलेला माणूस, सकाळी नीट जेवलेसुद्धा नव्हते. फाटकावरच्या मामांनी विचारलं, "बाई, बसता का?" मी म्हटलं, "नाही, इथूनच रस्ता दिसतो."

मग राहवेना. निघालेच कोपऱ्याकडे. पिशवी, वह्या, सगळं घेऊन. इतकी भरभर मी गेल्या कित्येक वर्षांत चालले नसेन.

बॅरिकेडपाशी गर्दी होती. पुढे घुसले तर निळ्या मोटारीच्या बॉनेटवर आमच्या मुलांचा आलेख पसरलेला, आणि हे त्यावर वाकलेले. शेजारी निळ्या मोटारीचे वडील, दोन स्कूटरवाले, शाळेच्या गाडीचा चालक. पलीकडे वकील आणि मुंगी, साक्षीदारासारखे.

"इथून इथपर्यंतचा डोंगर माझा," हे सांगत होते. बोट एक दहावर होतं. "आता तुमचा कुठला ते तुम्ही शोधा. घाई नाही. मलाही महिना लागला."

निळ्या मोटारीचे वडील चष्मा शोधत होते.

मी मागे उभी राहून श्वास घेतला. तेवढ्यात ह्यांचं लक्ष गेलं. आधी माझ्याकडे, मग घड्याळाकडे. चेहरा एकदम उतरला. सगळं तिथेच टाकून आले आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.

"दोन वीस झाले. तू उभी होतीस?"

"नाही हो. आत्ताच सुटले," मी म्हटलं.

मुंगीनं माझ्याकडे बघितलं. दोनला तिनंच मला फाटकाशी बघितलं होतं. ती आलेखाचा कोपरा सरळ करू लागली.

उद्यापासून दोनला सुटले की मीच चालत कोपऱ्यावर जाणार. गुडघ्यांना बरं असतं म्हणून, असं ह्यांना सांगेन.